प्रबंधात ट्वीट, फेसबुक पोस्ट आणि व्हॉट्सॲप मेसेजचा संदर्भ कसा द्यायचा

माझी एक विद्यार्थिनी आरेच्या आंदोलनावरचा लघुप्रबंध घेऊन आली होती. ४ ऑक्टोबर २०१९ च्या शुक्रवारी मुंबई उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सोमवारी, ७ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने ती तोड थांबवली. मधल्या दोन-तीन रात्री गेटवर जमलेले लोक फोनवरून काय लिहीत होते, हा तिचा विषय. विषय उत्तम, लिखाणही चांगलं. संदर्भसूचीत मात्र एकाखाली एक एकेचाळीस लिंका होत्या आणि प्रत्येकीच्या आधी फक्त ‘ट्विटर’ हा शब्द. आम्ही दोघींनी बसून त्या एकेक करून उघडल्या. सतरा उघडल्याच नाहीत. कुणी पोस्ट पुसलेली, कुणी खातं कुलूपबंद केलेलं, कुणाचं खातंच बंद झालेलं. तिने ते सगळं खरोखर वाचलं होतं, हे मला माहीत होतं. परीक्षकांना ते कसं पटवणार?

तेव्हापासून संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येकाला मी एकच क्रम सांगते: पोस्ट दिसली की आधी जतन करायची, मग ती कुणाची आणि केव्हाची हे पक्कं करायचं, मग ती वापरणं योग्य आहे का याचा विचार करायचा आणि सगळ्यात शेवटी सूचीतली ओळ लिहायची. बहुतेक जण ओळीपासून सुरुवात करतात, म्हणजे स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठला. ते अर्ध्या तासात शिकता येतं. हातून गेलेली पोस्ट मात्र परत आणता येत नाही.

पहिलं काम: जतन

पोस्टची स्वतःची लिंक हवी, खात्याची नको. एक्सवर (म्हणजे जुन्या ट्विटरवर) पोस्टखालच्या वेळेवर क्लिक केलं की फक्त ती पोस्ट उघडते आणि पत्त्याच्या पट्टीत एक लांबलचक क्रमांक दिसतो. तो क्रमांक हाच त्या पोस्टचा खरा पत्ता. लिहिणाऱ्याने पुढे हँडल (म्हणजे @ ने सुरू होणारं खात्याचं नाव) बदललं तरी क्रमांक बदलत नाही. फेसबुकवर नावाखालच्या तारखेवर क्लिक करायचं. यूट्यूबवरच्या एखाद्या कमेंटची लिंक हवी असेल तर कमेंट करणाऱ्याच्या नावाशेजारच्या ‘३ वर्षांपूर्वी’ यावर क्लिक करा, म्हणजे ती कमेंट सगळ्यात वर येते आणि तिची वेगळी लिंक मिळते. हे ठाऊक नसल्यामुळे लोक अख्ख्या व्हिडिओची लिंक देतात आणि वाचक हजारो कमेंटींत शोधत बसतो.

लिंकची शेपूट कापा. फोनवरून ‘शेअर’ करून घेतलेल्या लिंकला प्रश्नचिन्हापुढे अक्षरांची माळ चिकटलेली असते. ती लिंक कुणी, कुठून पाठवली याचा माग ठेवण्यासाठी असते. एक्स आणि इन्स्टाग्रामवर प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं काढून टाकलं तरी चालतं. यूट्यूब आणि फेसबुकवर सरसकट कापू नका. यूट्यूबवर व्हिडिओचा क्रमांक बहुधा प्रश्नचिन्हानंतरच येतो आणि फेसबुकच्या काही लिंकांत पोस्टचा क्रमांकही तिथेच असतो. कापल्यावर लिंक पुन्हा एकदा उघडून बघायची.

मग वेबॅक मशीन. इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या या सेवेत ‘सेव्ह पेज नाऊ’ अशी एक जागा आहे. तिथे लिंक टाकली की त्या क्षणीचं पान जतन होतं आणि त्याची वेगळी, टिकाऊ लिंक मिळते. सूचीत मूळ लिंकच्या मागोमाग ही दुसरी लिंक द्या. जतन झालं असं म्हणून तिथेच थांबू नका. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, लॉगिन न करता, ती जतन प्रत उघडून बघा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टच्या जागी पुष्कळदा नुसतं लॉगिनचं पान जतन झालेलं असतं. २०२३ च्या मध्यापासून एक्सनेही लॉगिनशिवाय पाहण्यावर बंधनं आणली, त्यामुळे तिथेही हा धोका आहे.

असं झालं तर प्रत आपल्याकडेच ठेवावी लागते. संगणकावर पोस्ट उघडून ‘प्रिंट’मधून पीडीएफ करा, किंवा सिंगलफाइल नावाचं ब्राउझरचं एक्स्टेंशन आहे, ते अख्खं पान एका फाइलमध्ये साठवतं. जोडीला स्क्रीनशॉट. त्यात पत्त्याची पट्टी, हँडल, तारीख आणि वेळ दिसायलाच हवी. नुसत्या मजकुराभोवती नीट कापलेला स्क्रीनशॉट दिसायला सुबक असतो, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फाइलला नाव देताना तारीख आधी ठेवा: वर्ष, महिना, दिवस, मग माध्यम, मग अनुक्रमांक. फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतं.

सोबत एक साधं कोष्टक ठेवा: अनुक्रमांक, माध्यम, हँडल, दाखवलेलं नाव, पोस्टची तारीख-वेळ, मूळ लिंक, जतन लिंक, मी पाहिल्याची तारीख, शेरा. शेऱ्यात ‘संपादित’, ‘सोबत चित्र’, ‘मूळ पोस्ट नव्हे, रीपोस्ट’ अशी टिपणं. फेसबुकवर बदललेल्या पोस्टचा संपादन-इतिहास पाहता येतो, तोही जतन करा. हे कोष्टक पुढे प्रबंधाचं परिशिष्ट होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून नीट भरा.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर गेल्या काही वर्षांकडे बघा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर भारतात बंदी आली. कू हे ट्विटरसारखं भारतीय ॲप २०२४ च्या जुलैमध्ये गुंडाळलं. लॉकडाऊनमधल्या टिकटॉक व्हिडिओंवर कुणी संशोधन करत असेल तर त्या लिंका आज अंधेरीतल्या परीक्षकाच्या संगणकावर उघडत नाहीत. इन्स्टाग्रामची स्टोरी तर हायलाइटमध्ये ठेवली नाही तर चोवीस तासांत जाते. तिथे ‘उद्या करू’ला वावच नाही.

तारीख कुणाची, मुंबईची की लंडनची?

मघाच्या लघुप्रबंधात आणखी एक घोळ होता आणि तो मला लिंकांपेक्षा जास्त लागला. एकाच तासात लिहिलेल्या पोस्टींपैकी काहींपुढे ४ ऑक्टोबर होतं, काहींपुढे ५. विद्यार्थिनीने टिपणं प्रामाणिकपणे घेतली होती. काही तारखा तिने स्वतः पडद्यावरून उतरवल्या होत्या आणि काही वेबॅकच्या लिंकेतून घेतल्या होत्या.

पडद्यावर दिसणारी वेळ सहसा पाहणाऱ्याच्या यंत्राच्या घड्याळाप्रमाणे असते. आरेतून रात्री साडेबाराला, म्हणजे ५ ऑक्टोबरला, टाकलेली पोस्ट लंडनमध्ये शिकणाऱ्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ४ ऑक्टोबर, रात्री ८ अशी दिसेल. वेबॅकच्या लिंकेत चौदा आकडे असतात: वर्षाचे चार, मग महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद यांचे दोन-दोन. ती वेळ जागतिक प्रमाणवेळेतली, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लिंकेत २०१९१००४१९०००० असं असेल तर आपल्याकडे तेव्हा ५ तारखेचे साडेबारा वाजलेले होते. शिवाय ती वेळ पान जतन झाल्याची, पोस्ट लिहिल्याची नव्हे, हेही लक्षात असू द्या. ‘न्यायालयाच्या निकालाच्या रात्री’ आणि ‘दुसऱ्या दिवशी’ यांत फरक करणाऱ्या प्रबंधात या साडेपाच तासांवर अख्खा युक्तिवाद उभा असतो.

म्हणून पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य लिहून टाका: ‘सर्व तारखा व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार.’ मग प्रत्येक नोंद त्याच घड्याळात आणा.

एक्सच्या बाबतीत तपासायला एक पक्की युक्ती आहे. नोव्हेंबर २०१० नंतरच्या पोस्टच्या क्रमांकातच तिची वेळ दडलेली असते. तो लांब क्रमांक ४१९४३०४ ने भागायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा आणि उत्तरात १२८८८३४९७४६५७ मिळवायचे. १ जानेवारी १९७० पासून त्या क्षणापर्यंतचे मिलिसेकंद हातात येतात. कुठलंही वेळ-रूपांतराचं साधन त्यावरून तारीख सांगतं. साधन जागतिक प्रमाणवेळ दाखवत असेल तर त्यात साडेपाच तास मिळवले की मुंबईची वेळ. भागाकारासाठी फोनच्या कॅल्क्युलेटरपेक्षा मोठ्या संख्या अचूक हाताळणारं साधन घ्या. पोस्ट पुसली गेली असेल आणि फक्त लिंक उरली असेल तरी ही युक्ती चालते. त्या सतरा पोस्टींच्या वेळा आम्ही अशाच काढल्या. मजकूर परत मिळाला नाही.

यूट्यूबच्या कमेंटला पडद्यावर पक्की तारीख नसते, ‘२ वर्षांपूर्वी’ एवढंच. तिथे ‘सुमारे’ लिहून वर्ष द्या आणि आपण कधी पाहिलं ती तारीख अवश्य जोडा.

हे खातं नक्की कुणाचं?

निळ्या खुणेवर विसंबू नका. एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने जुन्या पडताळलेल्या खुणा काढून टाकल्या आणि तेव्हापासून निळी खूण मुख्यतः पैसे भरणाऱ्यांना मिळते. २०१७ च्या पोस्टशेजारी आज दिसणारी किंवा न दिसणारी खूण २०१७ बद्दल काहीच सांगत नाही. मुंबई पोलीस, महानगरपालिका, रेल्वे यांच्या खात्यांची खात्री त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरून करून घ्या. मोठ्या संस्थांच्या नावाशी मिळतीजुळती विडंबनाची खातीही असतात आणि घाईत एक अक्षर निसटतं.

पदाच्या नावाने चालणाऱ्या खात्यांत वेगळीच अडचण. अधिकारी बदलतो, खातं तेच राहतं आणि आज दिसणारं नाव जुन्या पोस्टींवरही दिसतं. २०१९ ची पोस्ट आजच्या अधिकाऱ्याच्या नावावर मांडली गेली तर ती चूक तुमची. अशा वेळी लेखक म्हणून पद किंवा कार्यालय लिहावं.

दुसऱ्या कुणी टाकलेला स्क्रीनशॉट म्हणजे मूळ पोस्ट नव्हे. मूळ शोधा. सापडलीच नाही तर संदर्भ स्क्रीनशॉट टाकणाऱ्याचा द्या आणि ‘मूळ पोस्ट उपलब्ध नाही’ असं मजकुरात स्पष्ट लिहा. खोटे स्क्रीनशॉट दोन मिनिटांत तयार होतात, हे परीक्षकांनाही माहीत असतं.

वापरावी की नाही

या भागावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते.

२९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस मुंबईतल्या कुणाला आठवत नाही? लोकल बंद, हिंदमाता पाण्यात, लाखो लोक अडकलेले. त्या संध्याकाळी लोकांनी ट्विटर-फेसबुकवर आपापल्या घराचे पत्ते टाकले, फोन नंबर टाकले: इथे या, चहा आहे, कोरडे कपडे आहेत, रात्र काढा. शहराच्या अभ्यासकाला याहून मोलाचं साधन कुठलं? पण दादरच्या एखाद्या बाईने तेव्हा जे दार उघडलं ते एका रात्रीसाठी होतं. तिचा पत्ता आणि नंबर प्रबंधाच्या परिशिष्टात गेला तर तो कायमचा उघडा राहतो. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढतात, कुणालाही वाचता येतात, शोधता येतात. ती पोस्ट तिने दुसऱ्याच दिवशी पुसली असेल आणि तुमच्या पानावर ती वीस वर्षांनीही असेल.

‘पण पोस्ट तर सार्वजनिक होती’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला वगळलं आहे, हे खरं. पण कायद्याने अडवलं नाही म्हणून करावं, असं होत नाही. इंटरनेट संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०१९ ची. त्यांतही माणसाला इजा होईल का, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारायला सांगितला आहे.

मी ठरवून घेतलेली वाट अशी. सरकारी कार्यालयं, पक्ष, वृत्तसंस्था, निवडून आलेले प्रतिनिधी, सार्वजनिक जीवनात असलेली माणसं सार्वजनिक कामाबद्दल बोलत असतील तर नाव, हँडल, लिंक सगळं द्या. त्यांनी पोस्ट पुसली तरी द्या, जतन लिंक जोडा आणि ‘नंतर हटवलेली’ असं लिहा. सामान्य माणसाची पोस्ट शब्दशः वापरायची असेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर त्याला होकार समजू नका. तेव्हा आशय आपल्या शब्दांत सांगा आणि परिशिष्टात ‘प-१२’ असा सांकेतिक क्रमांक द्या, लिंक देऊ नका. शब्दशः वाक्य शोधपट्टीत टाकलं की माणूस सापडतो, त्यामुळे नाव झाकून अवतरण देण्याला फारसा अर्थ नाही. सामान्य माणसाने पुसलेली पोस्ट मी पुन्हा विचारल्याशिवाय शब्दशः वापरू देत नाही. अल्पवयीन मुलांच्या पोस्टी नाहीतच. अत्याचार, आजार, जात किंवा लैंगिकता यांबद्दल कुणी स्वतःचं सांगितलं असेल तर परवानगीशिवाय नाही आणि परवानगी असली तरी मार्गदर्शकांशी बोलून.

विचारायचं कसं, यावर मुलं अडखळतात. एक नमुना देते, त्यात आपली माहिती भरून घ्या:

‘नमस्कार. मी मुंबईत समाजशास्त्रात संशोधन करते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात लोकांनी एकमेकांना केलेली मदत हा माझा विषय आहे. तुमची सोबतची पोस्ट मला शब्दशः वापरायची आहे. तुमचं नाव द्यावं, फक्त हँडल द्यावं की काहीच देऊ नये, हे तुम्ही सांगाल तसं करीन. फोन नंबर आणि पत्ता मी कुठल्याही परिस्थितीत काढून टाकणार आहे. प्रबंध पुढे इंटरनेटवर सर्वांना वाचता येईल. नको असेल तर तसं कळवा, पोस्ट वापरणार नाही.’

होकार आला की त्या उत्तराचाही स्क्रीनशॉट ठेवा, परिशिष्टात मात्र छापू नका.

आता सूचीतली ओळ

आधी विभागाला विचारा की संदर्भ देण्याची कुठली पद्धत हवी. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्रात बहुधा एपीए चालते (सातवी आवृत्ती, २०१९ अखेरीस आलेली), भाषा-साहित्यात एमएलए (नववी, २०२१) आणि इतिहासात शिकागो (सतरावी २०१७ ची, अठरावी २०२४ ची). कोणतीही घ्या, पण प्रबंधभर एकच.

एक काल्पनिक पोस्ट घेऊ. दाखवलेलं नाव ‘चाळीतली चिमणी’, हँडल ‘चाळचिमणी’. मजकूर: ‘हिंदमाताला कमरेपर्यंत पाणी. बेस्ट बंद. परळहून चालत दादरला येतोय. कुणी अडकलं असेल तर शाळेत चहा आणि कोरडे कपडे आहेत. आम्ही सकाळपर्यंत जागे आहोत.’ इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहिते आहे. प्रबंधात हँडल आणि लिंक जशा आहेत तशा रोमन लिपीतच ठेवायच्या, कारण देवनागरीत लिहिलेल्या हँडलवरून कुणालाच काही सापडत नाही.

एपीएप्रमाणे:

चाळीतली चिमणी [@चाळचिमणी]. (२०१७, २९ ऑगस्ट). हिंदमाताला कमरेपर्यंत पाणी. बेस्ट बंद. परळहून चालत दादरला येतोय. कुणी अडकलं असेल तर शाळेत चहा आणि कोरडे कपडे आहेत. आम्ही [ट्वीट]. ट्विटर. (पुढे लिंक)

मजकूर ‘आम्ही’वर थांबला आहे, ती छापण्यातली चूक नाही. एपीएत पोस्टचे पहिले वीस शब्द शीर्षक म्हणून तिरप्या अक्षरांत द्यायचे असतात आणि विसावा शब्द वाक्याच्या मध्यावर पडला तरी तिथेच थांबायचं. मोजताना हॅशटॅग एक शब्द, लिंक एक शब्द, इमोजी एक शब्द. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटते, ‘रस्त्यावरच्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द होतो, त्यामुळे आपले वीस शब्द इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातात. खाऊ द्या. पोस्टला चित्र किंवा व्हिडिओ जोडलेला असेल तर चौकटी कंसात तेही लिहायचं: [छायाचित्र जोडलेले]. लेखकाचं खरं नाव माहीत असेल तर आडनाव, आद्याक्षर आणि मग चौकटी कंसात हँडल. फक्त हँडलच माहीत असेल तर कंसाशिवाय तेच लेखकाच्या जागी. मजकुरात (चाळीतली चिमणी, २०१७) एवढं पुरतं.

एमएलएत लेखक आणि हँडल तसंच, मग अवतरणचिन्हांत पोस्टचा मजकूर, छोटी पोस्ट असेल तर पूर्ण, मग माध्यमाचं नाव, २९ ऑगस्ट २०१७, लिंक. शिकागोत बहुतेक वेळा मजकुरात किंवा तळटिपेत उल्लेख केला की काम भागतं, सूचीत नोंद लागतेच असं नाही. तळटिपेत नाव, साध्या कंसात हँडल, पोस्टचा सुरुवातीचा मजकूर (सतराव्या आवृत्तीत १६० अक्षरांपर्यंत), माध्यम, तारीख, वेळ, लिंक. वेळ नोंदवायची सोय असल्यामुळे घटनाक्रमावरच्या प्रबंधाला मला शिकागो जास्त जवळची वाटते.

जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं नाव एक्स झालं. त्याआधीच्या पोस्टला मी ‘ट्वीट’ आणि ‘ट्विटर’ लिहायला सांगते, नंतरच्या पोस्टला ‘पोस्ट’ आणि ‘एक्स’. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, मात्र पद्धतीच्या प्रकरणात एका वाक्यात सांगून टाका.

एकाच खात्याच्या एकाच वर्षातल्या अनेक पोस्टी असतील तर २०१९अ, २०१९आ, २०१९इ असं करा आणि मजकुरातही तेच अक्षर लावा. आंदोलनावरच्या प्रबंधात हे हमखास होतं आणि हमखास राहून जातं. खात्याचं मुख्य पान, हायलाइट, बदलणारी कुठलीही जागा उद्धृत करताना ‘रोजी पाहिले’ अशी तारीख द्यायलाच हवी. एका पोस्टसाठी एपीए ती मागत नाही, मी तरी कोष्टकात ठेवते. आणि पोस्टी शंभर-दोनशेच्या वर असतील तर सगळ्या सूचीत कोंबू नका. परिशिष्टात कोष्टक द्या, मजकुरात ‘प-१’, ‘प-२’ वापरा आणि ज्यांवर प्रत्यक्ष चर्चा केली आहे तेवढ्याच सूचीत घ्या.

व्हॉट्सॲप वेगळं का

बंद ग्रुपमधला मेसेज वाचकाला कधीच उघडता येणार नाही, म्हणून एपीएत तो खाजगी पत्रव्यवहारात मोडतो. सूचीत येत नाही, फक्त मजकुरात येतो: (अ. आडनाव, वैयक्तिक संवाद, २९ ऑगस्ट २०१७). कुलूपबंद फेसबुक खातं, इन्स्टाग्रामचे खाजगी मेसेज यांनाही हेच लागू. सोसायटीच्या ग्रुपमध्ये तुम्ही रहिवासी म्हणून आहात, संशोधक म्हणून नाही. तिथलं काही वापरायचं तर मेसेज लिहिणाऱ्याची परवानगी हवी आणि ग्रुपलाही सांगायला हवं.

‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी खूण असलेल्या मेसेजला लेखकच सापडत नाही. ज्याने तुम्हाला पाठवला तो लेखक नव्हे, त्याचं नाव घालू नका. अफवांवर किंवा पुरातल्या मेसेजांवर काम करत असाल तर तो नमुना म्हणून परिशिष्टात द्या: मिळाल्याची तारीख, वेळ, ग्रुपचा प्रकार (‘दादरमधील गृहनिर्माण सोसायटीचा ग्रुप’ एवढंच) आणि पूर्ण मजकूर, नंबर झाकून.

मराठी मजकूर उतरवताना

शुद्धलेखन सुधारू नका. पोस्टमध्ये ‘पाणि’ असेल तर ‘पाणि’च, पुढे हवं तर चौकटी कंसात [मुळात तसेच]. रोमन लिपीत लिहिलेलं मराठी रोमनमध्येच उतरवा. लोक फोनवर तसं का लिहितात, हाही कुणाच्या तरी अभ्यासाचा विषय असतो आणि देवनागरीत बदललंत की पुरावा पुसला जातो. इंग्रजी प्रबंधात मराठी पोस्ट देताना मूळ आणि भाषांतर दोन्ही द्या आणि भाषांतर तुमचं असेल तर तसं लिहा. परवानगीअभावी आशयच द्यायचा असेल तेव्हा अर्थातच मूळ नाही.

अवतरणचिन्हं विसरू नका. पोस्ट हेही कुणाचं तरी लेखन आहे आणि यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांपुढे ट्वीट आणि पुस्तक यांत फरक नाही. फोटो किंवा व्यंगचित्र छापायचं असेल तर कॉपीराइट लिहिणाऱ्याचा-काढणाऱ्याचाच राहतो. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ संशोधन आणि समीक्षेसाठी रास्त वापराची मुभा देतं, तीही गरजेपुरतीच.

टायपिंग बाहेर करून घेत असाल तर इकडे लक्ष द्या. आपल्याकडे अजून बरीच डीटीपीची कामं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होतात. फोनवरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो त्या फाइलमध्ये चिकटवला की अक्षरांचा खिचडा होतो, मग टाइप करणारे घाईत मजकूर पुन्हा हाताने टंकतात आणि ‘पाणि’चं ‘पाणी’ होऊन जातं. पोस्टी असलेलं प्रकरण युनिकोडमध्येच ठेवायला सांगा. इमोजींच्या जागी रिकामी चौकट येत असेल तर चौकटी कंसात वर्णन लिहा: [हात जोडलेले], [रडणारा चेहरा]. एपीएला हे चालतं.

सूचीत देवनागरी नावं वर्णमालेप्रमाणे लावल्यावर रोमन हँडल कुठे बसवायचं, हा प्रश्न उरतो. पाच-सहा असतील तर उच्चाराप्रमाणे मिसळा. जास्त असतील तर मी शेवटी ‘समाजमाध्यमांवरील नोंदी’ असा वेगळा भाग करायला सांगते. काटेकोर एपीएत असा भाग बसत नाही, म्हणून मार्गदर्शकांची संमती आधी घ्या.

बायंडिंगला देण्याआधीचा आठवडा

सगळ्या लिंका खाजगी खिडकीत, लॉगिन न करता, एकदा उघडा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला तरी दुसऱ्या संगणकावर उघडायला लावा. न उघडणाऱ्या नोंदी दोन गठ्ठ्यांत वेगळ्या करा. संस्था किंवा सार्वजनिक व्यक्तीची पोस्ट गेली असेल तर मूळ लिंक तशीच ठेवून पुढे ‘आता उपलब्ध नाही’, तपासल्याची तारीख आणि जतन लिंक लिहा. सामान्य माणसाची गेली असेल तर त्यांनी दिलेली परवानगी अजून कायम आहे का, हे पुन्हा विचारा, आणि संपर्कच होत नसेल तर अवतरण काढून आशय ठेवा. मग परिशिष्टातली प्रत्येक प्रतिमा मोठी करून बघा. एखाद्या कोपऱ्यात फोन नंबर, इमारतीचं नाव किंवा मुलाचा चेहरा राहिलेला असतो. ती जागा चित्राच्या प्रतीतच काळी करा, ते चित्र नव्याने साठवा आणि मगच पीडीएफ बनवा, कारण वर्डमध्ये चित्रावर नुसती ठेवलेली पट्टी फाइल उघडणाऱ्याला सहज बाजूला सरकवता येते.

मूळ स्क्रीनशॉट, पीडीएफ आणि परवानग्यांचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन मौखिक परीक्षेला जा. माझी ती विद्यार्थिनी दुसऱ्यांदा तसंच घेऊन गेली. परीक्षकांनी परिशिष्टातल्या दोन नोंदी निवडल्या आणि मूळ दाखवा म्हणाले. तिने फाइल उघडली. पत्त्याची पट्टी, हँडल, ५ ऑक्टोबर २०१९, रात्रीचे १२ वाजून ३४ मिनिटं, सगळं पडद्यावर होतं.